खापर, तांबं आणि काच

गुलमंडी, औरंगपुरा, सराफा या भागांतून कधी चालत गेलात, तर मान जरा वर करून दुकानांच्या पाट्या वाचा. जुन्या पाट्यांवर दुकानाच्या नावाखाली एक फोन नंबर असतो आणि त्याची सुरुवात 0240 ने होते. एखाद्या पाटीवर त्यापुढचा 2 हा आकडा नंतर रंगवल्यासारखा दिसतो. 2002-03 च्या सुमारास लँडलाइनच्या नंबरांना आधी 2 जोडला गेला आणि सहा आकडी नंबर सात आकडी झाले, त्याची ती खूण. त्यातले अनेक नंबर आज लागत नाहीत. पाटी शाबूत आहे, दुकान शाबूत आहे, पण दुकानापर्यंत येणारी तार मधल्या कुठल्यातरी वर्षी गेली. ती गेली तेव्हा कुणाला फारसं जाणवलंही नाही, कारण तोवर सगळ्यांच्या खिशात मोबाइल आला होता.

त्याच गल्लीत, त्याच पाटीच्या समोर, विजेच्या खांबाला काळ्या वायरींचा गुंता लटकलेला असतो. कुठे वेटोळं, कुठे डबा, कुठे एक टोक नुसतंच हवेत लोंबतंय. तुमचं-आमचं नेट या गुंत्यातून येतं. ते गेलं की हल्ली फक्त रील थांबत नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख हुकते, दुकानदाराचा क्यूआर कोड मुका होतो, घरून काम करणाऱ्याचा दिवस बुडतो. मग कंपनीला फोन, ‘तक्रार नोंदवली आहे’ असा मेसेज, आणि वाट पाहणं.

या शहराला अशी वाट पाहण्याची चारशे वर्षांची सवय आहे असं म्हटलं, तर अतिशयोक्ती होईल. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जाळ्यावर विसंबून जगण्याची सवय मात्र तेवढी जुनी आहे. इथे आधी खापराचं जाळं होतं, मग तांब्याचं आलं, आता काचेचं आहे. तिन्हींची गोष्ट एकापुढे एक ठेवली की एक प्रश्न नीट विचारता येतो. जाळं ‘जुनं’ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

खापर

1610 मध्ये मलिक अंबरने खडकी या गावी निजामशाहीची नवी राजधानी वसवायला घेतली. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस तोवर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला होता. जागा मोक्याची होती, पण पाण्याची पंचाईत होती. खाम नदी म्हणजे पावसाळ्यात वाहणारं आणि उन्हाळ्यात आटणारं पात्र. त्यावर राजधानी कशी पोसणार?

अंबरने पाणी जमिनीखाली शोधलं. शहराच्या उत्तरेकडे डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी झिरपून गोळा होईल असे बोगदे खोदले, आणि ते पाणी उतारा-उताराने शहरात आणलं. हीच नहर-ए-अंबरी. पंप नाही, मोट नाही. सगळा खेळ उताराचा. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडून काढणार, कमी झाला तर गाळ साचणार. इराणमध्ये अशा भूमिगत कालव्यांची परंपरा फार जुनी आहे, आणि अंबरच्याच काळात बुऱ्हाणपुरात मोगलांनी ‘कुंडी भंडारा’ याच तत्त्वावर उभा केला.

शहरात शिरल्यावर पाणी खापराच्या नळांतून फिरायचं. वाटेत ठिकठिकाणी दगड-विटांचे उंच खांब बांधलेले असायचे. पाणी त्यात वर चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. तेवढ्यात नळात अडकलेली हवा निघून जायची आणि दाब ताळ्यावर यायचा. पाणचक्कीत पाणी उंचावरून कोसळताना तुम्ही पाहिलं असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ती चक्की अशाच एका स्वतंत्र नहरीच्या पाण्यावर फिरायची. मोगलकाळात शहर वाढलं, औरंगजेबाने त्याला औरंगाबाद हे नाव दिलं, आणि एका नहरीच्या अनेक नहरी झाल्या.

या बांधकामातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा. नहरीवर ठराविक अंतराने माणूस आत उतरू शकेल अशी तोंडं ठेवलेली होती. जमिनीखालचं जाळं बांधणाऱ्याने, ते कधीतरी बिघडणार हे धरूनच बांधलं होतं. दुरुस्तीला जागा सोडली होती.

1763 मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेली. शहर ओसरलं, पण नहरी वाहत राहिल्या. त्या मागे पडल्या विसाव्या शतकात. आधी हर्सूलच्या तलावाचं पाणी होतं, मग 1976 मध्ये जायकवाडीचं धरण पूर्ण झालं आणि पैठणहून पाणी उपसून शहरात आणायची सोय झाली. घरात नळ आल्यावर नहरीकडे कोण बघणार? उतरायच्या तोंडांवर बांधकामं झाली. बोगद्यांच्या वाटेवर विंधन विहिरी घेतल्या गेल्या आणि झिरपून येणारं पाणी वरच्या वर ओढलं गेलं. दगड झिजायच्या आधी वाट विसरली गेली. नहर कुठून जाते हे ज्यांना पाठ होतं, ती माणसं गेली, आणि त्यांच्या जागी कुणाला नेमायची गरज कुणाला वाटली नाही.

तांबं

1900 च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडहून इकडे आली. देशात सगळीकडे रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब गेले, तसे इथेही. कट्ट-कड-कट्ट करणारी ती तार देशात तब्बल 2013 पर्यंत चालली. 14 जुलै 2013 ला लोकांनी रांगा लावून शेवटच्या तारा पाठवल्या, बहुतेकांनी आठवण म्हणून.

टेलिफोन मात्र बराच काळ मोजक्यांचा होता. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार, आणि प्रकारागणिक पैसे. ऑपरेटर लाइन जोडून देईपर्यंत फोनपाशी बसून राहायचं. स्वतः नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय, म्हणजे एसटीडी, देशात पहिल्यांदा 1960 मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली. तुमच्या आईवडिलांच्या लग्नपत्रिकेवर फोन नंबरापुढे ‘पी.पी.’ लिहिलेलं सापडेल. त्याचा अर्थ फोन शेजाऱ्यांकडे आहे, ते हाक मारतील.

सत्तरच्या दशकात सिडको आली आणि शहराच्या पूर्वेला एन-1, एन-2 अशा आकड्यांच्या वसाहती वसू लागल्या. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. कारखान्यांना फोन हवे होते, नव्या घरांनाही हवे होते, आणि अर्ज करून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहावी लागत होती. 1984 मध्ये सी-डॉट ही संस्था उभी राहिली, देशी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बनू लागली, आणि नव्वदच्या दशकात कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ दिसू लागले. रात्री उशिरा दर पाव व्हायचे, म्हणून जेवणं झाल्यावर तिथे रांग लागायची.

या सगळ्याच्या खाली तांब्याचं झाड होतं. खोड एक्स्चेंजमध्ये. तिथून शेकडो जोड्यांच्या जाड केबल जमिनीखालून निघायच्या, चौकातल्या लोखंडी कपाटांत फुटायच्या, तिथून गल्लीतल्या खांबावरच्या डब्यात, आणि शेवटी दोन बारीक तारा तुमच्या घरात. प्रत्येक घराची जोडी वेगळी, थेट एक्स्चेंजपर्यंत. या तारेतून आवाजासोबत वीजही यायची. एक्स्चेंजमधल्या 48 व्होल्टच्या बॅटऱ्या सगळ्या शहराचे फोन जिवंत ठेवायच्या. 2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला होता. तेव्हा अंधारात बसलेल्या घरातही फोनची रिंग वाजायची, ती यामुळे.

15 ऑगस्ट 1995 ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, ते मोठ्या शहरांत. आपल्याकडे ते त्यानंतर पोचलं, आणि आलं ते याच तारेवरून. मॉडेम फोन लावायचा, चिरकायचा, आणि नेट चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज. मग जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड आणलं. त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. बोलण्यासाठी तारेतून साधारण 4 किलोहर्ट्झपर्यंतच्याच लहरी जातात. त्याच्या वरचा पट्टा मोकळा होता. एडीएसएल तंत्राने हा मोकळा पट्टा, साधारण 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत, डेटाला दिला. म्हणून एकाच तारेवर बोलणं आणि नेट दोन्ही चालू लागलं. त्या वेळच्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान 256 किलोबिट. आज त्यात एक फोटो उघडायला चहा होईल, पण तेव्हा ते वरदान होतं.

‘टोन आला का?’

अडचण अशी, की तार टाकली तेव्हा ती बोलण्यासाठी टाकली होती. वरच्या पट्ट्यातल्या लहरी तांब्यात लवकर विरतात. एक्स्चेंजपासून एखाद्या किलोमीटरवरच्या घरात नेट पळायचं, चार-पाच किलोमीटरवर रांगायचं. जुन्या जोडात पाणी शिरलं, गंज चढला, की बोलताना नुसती खरखर ऐकू यायची आणि माणसं तरीही बोलून घ्यायची. मॉडेमला मात्र तेवढी खरखर पुरायची, लाइन तुटायला. पहिल्या पावसात नेट जाण्याचं कारण आकाशात नव्हतं, जमिनीखालच्या जोडात होतं. वीस-तीस वर्षं कुरकुरत चाललेली तार नवं ओझं आल्यावर एकदम ‘जुनी’ ठरली.

तिला जगवणारा माणूस म्हणजे लाइनमन. खांबावर चढून डबा उघडायचा, हातातला फोन तारेला लावायचा आणि खाली ओरडायचा, ‘टोन आला का?’ कुठल्या कपाटातली कितवी जोडी कुणाच्या घरी जाते, कुठला जोड दर पावसाळ्यात रडतो, कुठल्या नाल्याखालून केबल गेली आहे, हे कागदावर असेल-नसेल, त्याच्या डोक्यात असायचं. शहराचा खरा नकाशा तोच.

पुढे दोन गोष्टी झाल्या. 2011-12 च्या सुमारास शहरात रस्तारुंदीकरणाची मोठी मोहीम झाली आणि त्यानंतरही रस्त्यांची, ड्रेनेजची, पाण्याच्या लाइनची खोदाई चालूच राहिली. रस्ता खोदला की खालची केबल तुटायची भीती, आणि तुटलेली शेकडो जोड्यांची केबल जोडायची म्हणजे एकेक जोडी ओळखून जोडायची. दुसरी गोष्ट देशभरची. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, मोबाइल डेटा मातीमोल झाला, आणि लँडलाइनचं बिल भरायला कारण उरलं नाही. बीएसएनएल तोट्यात रुतत गेली. 31 जानेवारी 2020 ला स्वेच्छानिवृत्ती योजनेत 78 हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी बाहेर पडले. सुमारे दीड लाखांपैकी इतके. हिशेबाच्या वहीत हा पगारावरचा खर्च वाचला. पण इतकी माणसं एका दिवसात जातात तेव्हा त्यांच्या डोक्यातले नकाशेही त्यांच्यासोबत जातात, आणि त्यांची नोंद कुठल्याच वहीत नसते.

तांब्याला बाजारात भाव आहे, म्हणून बंद पडलेली केबल चोरही उकरून नेतात. खापराच्या नळाला तेवढंही नशीब नव्हतं.

काच

आता घरोघरी काच आली आहे. आणि इथे आपल्या शहराची गोष्ट एक गमतीचं वळण घेते. ज्या ऑप्टिकल फायबरवर जगाचं इंटरनेट चालतं, ती फायबर बनवणारे देशातले महत्त्वाचे कारखाने याच शहराच्या वेशीवर आहेत. वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीजची फायबर बनते आणि परदेशातही जाते.

ती बनते कशी? सिलिकॉनच्या एका क्लोराइडची वाफ तापवून तिच्यातून अतिशुद्ध काचेची भुकटी थरावर थर जमवतात. मधल्या गाभ्यात जर्मेनियम मिसळतात, म्हणजे प्रकाश गाभ्यातच कोंडून राहतो. ही भुकटी भाजून काचेचा जाड दांडा तयार होतो. तो उंच मनोऱ्यावर लावून सुमारे 2000 अंश सेल्सिअसला त्याचं टोक वितळवतात आणि खाली धागा ओढतात. धाग्याची जाडी 125 मायक्रॉन, जवळपास आपल्या केसाएवढी. प्रकाश ज्यातून धावतो तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉन. 1966 मध्ये चार्ल्स काओ यांनी म्हटलं होतं की काच पुरेशी शुद्ध झाली तर तिच्यातून प्रकाश लांबवर नेता येईल. 2009 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या फायबरमध्ये 15 किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो.

काच गंजत नाही. पावसाने तिला खरखर सुटत नाही. मग नेट का जातं?

कारण कारखान्यातली काच आणि गल्लीतली काच यांत फार अंतर पडतं. फायबर विजेच्या खांबाला बांधून नेली की वारा तिला हलवतो, ट्रकचं छप्पर तिला ओढतं, खार कुरतडते. जास्त वाकवली की वळणावर प्रकाश बाहेर गळतो. तुटलेली टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून पुन्हा जोडता येतात, पण प्रत्येक जोडात थोडा प्रकाश जातो. शिवाय घरोघरी वेगळी तार हा तांब्याचा थाट आता नाही. एकाच फायबरमधला प्रकाश गल्लीतल्या डब्यात वाटला जातो, बहुधा 32 घरांत. डब्याच्या अलीकडे तार तुटली तर तुमचं एकट्याचं नेट जातं, पलीकडे तुटली तर 32 घरांचं. पुढच्या वेळी राउटरजवळच्या डबीवर ‘एलओएस’ हा दिवा लाल झालेला दिसला, तर समजा की प्रकाशच पोचत नाहीये, आणि आधी शेजाऱ्याला विचारा. दिवा लाल नसेल तर दोष तुमच्या वायफायचा असेल, नाहीतर फार पुढचा. कधी तो खरंच फार पुढे असतो. 30 जानेवारी 2008 ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतभर नेट लंगडलं.

आणखी एक बदल गुपचूप झाला. काचेतून वीज जात नाही. घरातली लाइट गेली की राउटर बंद. नहरीला उतार पुरायचा, जायकवाडीच्या पाण्याला पंप लागतात. तसंच, तांब्याच्या फोनला एक्स्चेंजची बॅटरी पुरायची, फायबरला तुमच्या घरातली वीज लागते. मोबाइलचा टॉवरही शेवटी बॅटरी आणि डिझेलवर टिकतो. दोन्ही वेळा नवं जाळं जुन्यापेक्षा कितीतरी जास्त देतं, आणि दोन्ही वेळा ते विजेच्या मर्जीवर जाऊन बसतं.

खाली कोण उतरणार

सध्या शहरात नव्या पाणीयोजनेची खोदाई जागोजागी दिसते. सत्तरच्या दशकातली 700 मिलिमीटरची जलवाहिनी फुटून फुटून थकली. ‘समांतर’ नावाची योजना गाजावाजा होऊन 2016 मध्ये गुंडाळली गेली. डिसेंबर 2020 मध्ये 1,680 कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं आणि तिचा खर्च पुढे वाढत गेला. मे 2022 मध्ये लोक पाण्यासाठी मोर्चा काढून रस्त्यावर आले होते. एक जुनं जाळं वेळेवर न सांभाळल्याची किंमत हे शहर दर आठवड्याला, टँकरच्या बिलात, मोजत आलं आहे.

आणि या पाण्याच्या चरात जेसीबीचा दात खाली जातो तेव्हा फायबर तुटू शकते. मार्च 2023 मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, खाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांनी सांगायचं. कल्पना योग्य आहे. पण ॲप तेवढंच सांगू शकतं, जेवढं कुणीतरी नोंदवून ठेवलं आहे. रात्रीत ओढलेली, घाईत जोडलेली, खांबावरून खांबावर फेकलेली वायर कुठल्या नकाशावर असणार?

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं. जाळ्याचं वय खापराच्या, तांब्याच्या किंवा काचेच्या वर्षांवरून काढता येत नाही. ज्या दिवशी त्याची वाट माहीत असलेला शेवटचा माणूस निवृत्त होतो आणि त्याच्याकडून ती कुणी लिहून घेत नाही, त्या दिवशी जाळं म्हातारं होतं. मग ते कालच टाकलेलं असलं तरी. नहरी तशा गेल्या, लँडलाइन तशी गेली. फायबरच्या बाबतीत आपण अजून वेळेत आहोत, कारण ती ओढणारी मुलं आज याच शहरात बाइकवर शिडी बांधून फिरताहेत.

पुढच्या वेळी नेट गेलं आणि असा एखादा दादा खांबावर चढला, की खाली उभं राहून थोडं बघा. तो काळा डबा उघडेल. आत निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी अशा रंगांच्या बारीक तारा दिसतील. प्रत्येक रंगाला क्रम आहे आणि तो त्याला पाठ आहे. काम झाल्यावर त्याला पाणी द्या आणि एकच विचारा, ‘दादा, ही लाइन येते कुठून?’ त्याने हात करून गल्ली, चौक, पुढचा खांब असं सांगितलं, तर तुमचं जाळं अजून तरुण आहे. तो म्हणाला, ‘काय माहीत, आधीच्याने टाकलेली आहे,’ तर पाणचक्कीला एक चक्कर मारून या.